डावीकडचा दात

नकाशेकाकांनी आयुष्यात एकच शोध लावला, आणि तोही चहात पडला होता.

त्या सकाळी कपात पडलेलं चिलट त्यांनी रोजच्यासारखं बोटाने काढून बशीच्या कडेला पुसलं असतं, तर पुढचा सगळा घोळ टळला असता. पण निवृत्त होऊन त्यांना तीन महिने झाले होते, आणि मुलीने आपला कॉलेजातला जुना मायक्रोस्कोप ‘बाबा, तेवढाच वेळ जाईल’ म्हणून त्यांच्या हवाली केला होता. रिकामा माणूस आणि भिंग एका खोलीत आले की घरातली एकही वस्तू निवांत राहत नाही. साखर झाली, मीठ झालं, काकूंच्या लोकरीचा धागा झाला, स्वतःच्या मिशीचा केस झाला. तो केस पाहिल्यावर काका दोन दिवस कोणाशी फारसे बोलले नाहीत. तेव्हा चिलटाचा नंबर आज ना उद्या लागणारच होता.

भिंगाखाली चिलट आलं आणि काका चहा विसरले. उघड्या डोळ्यांना जो नुसता काळा ठिपका होता त्याला चक्क कुबड होतं, सोळा-सोळा मण्यांच्या दोन मिशा होत्या, आणि पंखांवरच्या शिरा इतक्या नेटक्या होत्या की कोणीतरी निब धुऊन पुसून आखल्यासारख्या दिसत होत्या. चौतीस वर्षं बांधकाम खात्यात नकाशे काढलेल्या माणसाला याहून वेगळं आमंत्रण लागत नाही. काकांनी ट्रेसिंग पेपर काढला, पेनं काढली आणि दुपारी जेवायला हाका मारूनही उठले नाहीत.

काकांची चित्र काढायची पद्धत इथेच सांगितलेली बरी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. आधी मध्यरेषा मारायची. मग उजवी बाजू जीव ओतून काढायची. मग रेषेवर कागदाची घडी घालायची आणि डावी बाजू गिरवून मोकळं व्हायचं. पूल असो, कमान असो की सार्वजनिक मुतारी असो, चौतीस वर्षांत काकांनी कशाचीही डावी बाजू वेगळी काढली नव्हती. निम्म्या वेळात काम होई आणि साहेब खूश असत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी काकूंचं चित्रही असंच काढलं. ते अजून बैठकीच्या खोलीत टांगलेलं आहे. चित्र फार सुबक आहे, फक्त येणारा प्रत्येक पाहुणा काकूंना विचारतो, “ही तुमची बहीण का?” काकू हो म्हणतात. आता कोणाकोणाला समजावत बसणार?

तर पंखाचं चित्र मुलीकडे गेलं आणि मुलीने ते आपल्या जुन्या प्राध्यापिकांना दाखवलं. या बाई एका मोठ्या संग्रहालयात माश्या, डास, चिलटं अशा मंडळींच्या विभागाच्या प्रमुख होत्या. काकूंनी त्यांचं नाव पहिल्याच दिवशी चिलटबाई ठेवलं, आणि पुढे काकांच्याही तोंडी तेच बसलं. चिलटबाईंचं उत्तर दोन दिवसांत आलं. हे बुरशीवर वाढणारं चिलट आहे, उष्ण देशांत असली पुष्कळ असतात, पण पंखातली ही आखूड शीर मी आजवर पाहिलेली नाही. जात नवी असू शकते. असलीच तर तिचं वर्णन तुम्ही लिहा, मी तपासून देईन. ज्याचं वर्णन छापून येतं त्याचं नाव त्या जातीच्या मागे कायमचं लागतं.

काकांनी हे शेवटचं वाक्य चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चौतीस वर्षांत त्यांनी किती नकाशे काढले याची मोजदाद नाही, पण प्रत्येकावर सही साहेबांची. कोपऱ्यात ‘आरेखन’ म्हणून एक चौकट असे, तिच्यात आद्याक्षरं घालायची मुभा होती, आणि छपाईत नेमका तोच कोपरा कापला जाई. एक पूल तर असा होता की त्यावरून जाताना काका अजून मान वळवून बघतात आणि शेजारच्या प्रवाशाला काही सांगावंसं वाटून गप्प बसतात. आता कुठल्यातरी जाड पुस्तकात, भले एका चिलटाच्या मागे का होईना, आपलं नाव लागेल, या विचाराने त्यांना त्या दिवशी दोन घास कमीच गेले.

चिलटबाईंच्या पत्रात एक अट मात्र होती. या चिलटांची खरी ओळख नराच्या शेपटीकडच्या टोकाला असते. तिथे चिमट्यासारखे दोन अवयव असतात आणि त्यांवर दात असतात. तेव्हा नर हवा. काकांनी हे काकूंना जमेल तितक्या सभ्य शब्दांत समजावलं. काकूंनी विणकामातून मान वर केली आणि हे चिमटे कशाला असतात असं विचारलं. काकांनी मिशीवरून हात फिरवत विषय पंखांकडे वळवला.

चिलटं येत होती ती काकूंच्या नेच्याच्या कुंडीतून. न्हाणीघराच्या खिडकीत हे नेचं, म्हणजे फर्नचं झाड, होतं, सतत ओलं, आणि त्याच्या बुडाशी पिवळ्या छत्र्या उगवल्या होत्या. काकांनी एका आठवड्यात एक्केचाळीस चिलटं पकडली. एक्केचाळीस माद्या निघाल्या. यांच्यातल्या काही जातींत एका आईला सगळ्या मुलीच होतात नाहीतर सगळे मुलगेच, असं चिलटबाईंनी कळवलं. काकूंना यात नवल वाटलं नाही, त्यांच्या मावशीला सात मुली होत्या. “वाट बघा,” त्या म्हणाल्या, “मावशीनेही बघितली.”

चिलट पकडायचं साधनही शास्त्रीय होतं. एक बाटली, तिला दोन रबरी नळ्या. एक नळी चिलटाजवळ धरायची, दुसरी तोंडात धरून ओढायची, की चिलट बाटलीत. तोंडातल्या नळीला आतून जाळीचं कापड बांधायचं असतं. ते एकदा सुटलं. काका आजही सांगतात की गिळलेलं चिलट नर होतं. कशावरून, असं विचारलं की त्यांना राग येतो.

याच सुमारास वरच्या मजल्यावरचे फवारणीवाले या प्रकरणात उतरले. हे गृहस्थ आरोग्य खात्यात फवारणी निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उडणाऱ्या प्रत्येक जिवाकडे ते अजूनही कामावर असल्यासारखे बघत. ते न्हाणीघराची कडी कशी बसते हे बघायला म्हणून आले आणि कुंडी बघून हादरले. हा डास नाही, असं काकांनी सांगितलं. सगळे सुरुवातीला असंच म्हणतात, असं त्यांनी उत्तर दिलं. मग सल्ल्यांचा मारा सुरू झाला. माती वाळवा, वाळू पसरा, फिनेल ओता, कुंडी फेका, आणि सरतेशेवटी, तुम्ही दोघंही रक्त तपासून घ्या. काकांनी उत्साहाने त्यांना भिंगातून चिलट दाखवलं. इतक्या जवळून त्यांनी शत्रू कधी बघितला नव्हता. ते बराच वेळ भिंगाला डोळा लावून राहिले, मग उठून वर गेले, आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात इमारतीच्या कमिटीची नोटीस लागली. ‘काही सभासद राहत्या घरात डासांची खाजगी पैदास करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. रविवारी सकाळी सर्व घरांत फवारणी होईल.’

‘काही सभासद’ हे अनेकवचन कोणासाठी आहे ते पाळण्यातल्या पोरालाही कळत होतं. काका जिना उतरताना मान खाली घालू लागले. तीन दिवस ते न्हाणीघरात स्टुलावर बसून राहिले आणि काकू बाहेरून अंघोळीचे तास ठरवून देत राहिल्या. शनिवारी दुपारी, हार मानायच्या बेतात असताना, कुंडीच्या कडेवर एक बारकुळं चिलट चालताना दिसलं. भिंगाखाली बघितलं तर शेपटीला चिमटा. काकांनी काकूंना हाक मारली ती तीन मजल्यांवर ऐकू गेली.

रविवारी फवारणी झाली. कुंडी, छत्र्या, अळ्या, सगळ्यांचा निकाल लागला आणि नेचंही आठ दिवसांत माना टाकून गेलं. काकू दोन दिवस खिडकीकडे बघत नव्हत्या. पण काकांचा नर सुखरूप होता, म्हणजे अर्थातच मेलेला होता. कॉस्टिक सोड्यात टाकून त्याचं टोक पारदर्शक केलं. त्यात काकूंची दुधाची वाटी कामी आली, आणि ती वाटी घरात पुन्हा दिसली नाही. मग ते टोक काचेच्या पट्टीवर राळेच्या थेंबात पक्कं बसवलं, आणि काकांनी मध्यरेषा मारली.

उजवा चिमटा काढायला चार दिवस लागले. लव, काटे, टोकाला दोन दात. मग घडी घातली आणि डावा अर्ध्या तासात गिरवून झाला. काकू चित्र बघायला आल्या, मग भिंगातूनही डोकावल्या. “अहो, डावीकडे एकच दात आहे की,” त्या म्हणाल्या.

काकांनी त्यांना समजावून सांगितलं. काचेखाली वस्तू जराशी कलली की असं दिसतं. निसर्गात डावं-उजवं सारखंच असतं. शिवाय काकूंचा चष्मा बदलायला झाला आहे. काकू बरं म्हणाल्या आणि विणायला बसल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात त्या अनेकदा बरं म्हणाल्या होत्या, आणि दर वेळी काकांना विषय संपला असंच वाटलं होतं.

बारा पानी वर्णन आणि चित्र चिलटबाईंकडे रवाना झालं. उत्तर आलं ते फार सौम्य होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. दोन्ही चिमट्यांवर दोन-दोन दात म्हणजे ही कुंडीतली नेहमीची जात आहे, जगभर सापडते, वर्णन होऊन शंभरावर वर्षं झाली. आखूड शीर हा किरकोळ फरक असावा. आपली चित्रकला मात्र अप्रतिम आहे.

‘अप्रतिम’ या शब्दावर काका बराच वेळ थांबले. मग त्यांनी मायक्रोस्कोपवर खोळ घातली आणि तो कपाटावर ठेवून दिला. मुलीला फोनवर सांगितलं, की मजा म्हणून केलं, त्यात काय एवढं. त्यांना फार वाईट वाटलं होतं आणि ते लपवता येत नव्हतं. संध्याकाळी फिरायला जाणं बंद झालं. जिन्यात फवारणीवाले भेटले आणि त्यांनी ‘काय म्हणतात तुमचे डास’ असं विचारलं, तेव्हा ‘डासच होते’ असं म्हणून काका पुढे गेले. यावर जिंकल्याचा आनंद व्हायचा तो न होता फवारणीवालेच जिन्यात उभे राहिले.

काकूंना मात्र तो एक दात स्वस्थ बसू देईना. विणणाऱ्या बाईला मोजण्यावरून फसवता येत नाही. एका बाहीला चौसष्ट टाके आणि दुसरीला त्रेसष्ट झाले तर ती झोपेतून उठून उसवते. पुढच्या आठवड्यात काका पेन्शनच्या दाखल्यासाठी बाहेर गेलेले बघून त्यांनी स्टुलावर चढून मायक्रोस्कोप काढला, पट्टी लावली, आणि नक्षीच्या विणकामाला लागतो तो चौकटींचा कागद पुढे घेतला. जे दिसेल ते, तिथल्या तिथे, चौकटीत. चित्र कसलं, दोन वेडेवाकडे खेकडे भांडत असावेत असं ते दिसत होतं. पण उजवीकडे दात दोन होते, डावीकडे एक होता, आणि डावीकडे खाली एक लांब काटा होता, जो उजवीकडे नव्हताच.

काका परत आले तेव्हा मायक्रोस्कोप टेबलावर होता आणि काकू शेजारी उभ्या होत्या. त्यांनी कागद पुढे केला.

“हे काय?”

“तुमचं चिलट. पूर्ण.”

“अगं, पट्टी कललेली आहे म्हणून सांगितलं ना.”

“मी पट्टी फिरवून बघितली. उलटी करून बघितली. आता तुम्ही बघा. फक्त डावीकडचं बघा. उजवीकडचं तुमचं पाठ आहे.”

काका बसले. त्यांनी एक डोळा मिटला. पट्टी हळूहळू डावीकडे सरकवली. मग काका डोळा न काढता म्हणाले, “मी ही बाजू पाहिलीच नव्हती.”

“माहीत आहे,” काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

पुढचं पत्र लिहायला काकांना दोन दिवस लागले. बारा पानी वर्णनापेक्षा ते अवघड गेलं. कारण त्यात एक वाक्य टाळता येत नव्हतं: ‘आधीच्या चित्रातली डावी बाजू मी प्रत्यक्ष पाहून काढलेली नाही.’ नकाशे काढणाऱ्या माणसाने असं लिहून देणं म्हणजे स्वयंपाक्याने चव न घेता वाढल्याचं कबूल करणं. पण त्यांनी लिहिलं, सही केली, आणि चौकटींचा कागद सोबत जोडला. चिलटबाईंचा फोनच आला. पट्टी ताबडतोब पाठवा.

पोस्टाच्या खिडकीवरच्या कारकुनाने पाकिटात काय आहे असं विचारलं. काकांचा स्वभाव खरं बोलण्याचा, त्यामुळे ते ‘मेलेलं चिलट’ म्हणाले. कारकुनाने तक्ता काढला. मृत प्राणी पाठवायचा तर पशुवैद्याचा दाखला लागतो. हा प्राणी तिळाएवढाही नाही आणि त्याचंही फक्त टोक आहे, असं काकांनी सांगितलं. तक्त्यात आकाराचा रकाना नव्हता. काका गुरांच्या डॉक्टरकडे गेले. तिथे एक म्हैस आणि दोन बकऱ्या त्यांच्या आधी होत्या. डॉक्टरांनी पट्टी उजेडाकडे धरली, मृत्यूचं कारण विचारलं, काकांनी ‘मी’ असं सांगितलं, आणि त्यांनी ‘सदर प्राणी मृत असून त्यास कोणताही सांसर्गिक रोग आढळला नाही’ असा दाखला शिक्क्यासह दिला. काकांनी त्या दाखल्याची एक प्रत आजही जपून ठेवली आहे.

आठ दिवसांनी उत्तर आलं. काकूंचा खेकडा बरोबर होता, दातांसकट आणि काट्यासकट. या गटात डावं-उजवं वेगळं असणं फार दुर्मिळ. पण नमुना एकच आहे, चिलटबाईंनी लिहिलं, आणि एखादं चिलट जन्मतःच अधू असू शकतं. निदान तीन-चार नर आणखी हवेत, सगळ्यांचं डावं असंच हवं. तरच जात नवी.

आता नर आणायचे कुठून? नेचं गेलं, कुंडी गेली. काका ओल्या भिंती, गटारांच्या कडा, नर्सरीतल्या कुंड्या धुंडाळत फिरले. हाती काही लागलं नाही. काकूही आता सोबत जात, नळी त्याच ओढत, जाळीच्या कापडाची गाठ स्वतः तपासून. एक महिना गेला. मग काका म्हणाले, आपण पाहिलं ते पाहिलं, तेवढं पुरे. पण त्यांना ते पुरे नव्हतं हे काकूंना दिसत होतं.

एका दुपारी, सगळी इमारत वामकुक्षीत असताना, दारावर हलकी टकटक झाली. बाहेर फवारणीवाले, हातात जॅमची बाटली, वर रुमाल बांधलेला. ते पटकन आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

“कमिटीत बोलू नका,” ते म्हणाले. “मागे वहिनींनी आमच्या हिला नेच्याचं एक रोप दिलं होतं.”

काकूंना आठवलं. रोप आता मोठं झालं होतं, त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीत होतं, आणि बुडाशी पिवळ्या छत्र्या होत्या. सगळ्या इमारतीत फवारणी झाली, मग तुमच्याकडे का नाही, असं काकांनी विचारलं. फवारणीवाल्यांनी बाटलीवरच्या रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली. निरीक्षकाच्या घरात कोणी तपासायला येत नाही, ते म्हणाले. आणि त्या दिवशी तुम्ही भिंगातून दाखवलंत, ते मिशांचे मणी वगैरे, त्यानंतर आमचा हात धजावला नाही. चाळीस वर्षं मारली, पण एकाचंही तोंड बघितलं नव्हतं.

बाटलीत एका आईची पोरं होती, आणि या आईला सगळे मुलगेच होते. नऊ नर. यावेळी काकांनी मध्यरेषा मारली नाही. काकू भिंगाला डोळा लावून बसल्या, त्या मोजून सांगत आणि काका काढत. डावा आधी. फवारणीवाले स्टुलावर बसून दर वेळी ‘किती’ असं विचारत, काकू ‘एक’ म्हणत, आणि ते स्वतःच्या वहीत लिहून घेत. नऊच्या नऊ वेळा एक.

नावाचा थोडा वाद झाला. वर्णन करणाऱ्याने जातीला स्वतःचंच नाव द्यायचं नसतं, असा शिष्टाचार आहे. फवारणीवाल्यांनी सुचवून पाहिलं, की ज्याने ती वाचवली त्याच्या नावाचा विचार व्हावा. निम्मी मारलीही त्यानेच, असं काकू म्हणाल्या. काकूंना स्वतःचं नाव चिलटाला नको होतं. शेवटी चिलटबाईंनी ‘डावखुरं’ अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. मूळ ठिकाण म्हणून ‘निवासी इमारत, दुसरा मजला, न्हाणीघराची खिडकी, नेच्याची कुंडी’ असं छापून आलं. जातीच्या मागे कायमची लागणारी नावं दोन आहेत. पहिलं काकूंचं, दुसरं काकांचं. हा क्रम काकांनी ठरवला आणि काकूंना त्या नियतकालिकाचा अंक हातात पडेपर्यंत सांगितला नाही.

अंक आला त्या दिवशी काकूंनी ते पान उघडलं, चष्मा लावला, बघितलं, आणि त्या हसल्या. समोर बसलेले काका त्यांच्याकडे बघत राहिले. भिंगाची सवय लागलेल्या माणसासारखे, आधी एक बाजू, मग दुसरी. काकूंना हसताना खळी पडते. एकाच गालावर.

काका उठले. भिंतीवरची तसबीर त्यांनी उतरवली, मागचे खिळे काढले, काच बाजूला केली. चित्रातली नवी नवरी दोन्ही गालांवर खळ्या पाडून हसत होती. काकांनी कपाटातून पातं काढलं, वाळलेली शाई खरवडायला नकाशेवाले वापरतात ते, आणि कागदावर वाकून डावीकडची खळी अगदी हलक्या हाताने खरवडायला सुरुवात केली.

“आता कळलं?” काकूंनी विचारलं.

“तू कधी बोलली का नाहीस?”

“पहिल्याच दिवशी बोलले होते,” काकू म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, मान कललेली आहे.”